‘कामोत्तेजक’ या एका शब्दाला किती कामं लावणार?

मराठी वृत्तपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांच्या संपादकांस,

स. न. वि. वि.

तालुक्याच्या गावात माझं औषधांचं दुकान आहे. वडिलांनी टाकलं, गेली २२ वर्षं मी बघते. संध्याकाळी सातनंतर दुकानासमोर एखादी मोटारसायकल थांबते. माणूस लगेच उतरत नाही, आधी आत डोकावतो. गल्ल्यावर बाई दिसली की विचारतो, “साहेब नाहीत का?” मीच साहेब, असं म्हटलं की चार खोकल्याच्या गोळ्या नाहीतर बामची डबी घेऊन निघून जातो. त्याला काय हवं होतं ते मला कळलेलं असतं, आणि मला कळलंय हे त्यालाही. दोन-तीन फेऱ्यांनंतर धीर होतो. तेव्हाही तोंडाने काही बोलत नाही. खिशातून घडी घातलेला कागद काढतो आणि काउंटरवर सरकवतो. तो कागद म्हणजे तुमच्या पुरवणीचं कात्रण. हल्ली त्याचा मोबाइलवर काढलेला फोटो.

म्हणून हे पत्र तुम्हाला.

अशी कात्रणं मी बिलबुकांच्या खणात टाकत आले. मागच्या दिवाळीत खण आवरताना सगळी एका बैठकीत वाचून काढली. शेवग्याची शेंग कामोत्तेजक. केशर कामोत्तेजक. सफेद मुसळी, शिलाजित, डाळिंब, डार्क चॉकलेट, मोगऱ्याचा गजरा, लाल रंग, सगळं कामोत्तेजक. व्हायग्रा अर्थातच. आणि एका राजकीय सदरात सत्तासुद्धा. भाजी, खनिज, गोळी, वास, रंग आणि खुर्ची या सगळ्यांना चालणारं विशेषण मला तरी दुसरं माहीत नाही. (‘छान’ सोडून.)

‘उत्तेजक’ हा खरं तर आपला फार सोज्वळ शब्द. पुण्यात वक्तृत्वोत्तेजक सभा निघाली, ग्रंथोत्तेजक संस्था निघाली, मुंबईत गायनोत्तेजक मंडळी निघाली. शाळेच्या स्नेहसंमेलनात चौथ्या आलेल्या मुलीला आजही उत्तेजनार्थ बक्षीस मिळतं आणि कुणी हसत नाही. त्याच शब्दाच्या मागे ‘काम’ लागलं की मात्र आपला आवाज खाली जातो. जाऊ दे. आवाज खाली जाण्याला माझी हरकत नाही. खालच्या आवाजात नेमकं काय सांगितलं, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसतं, याला आहे.

माझ्या काउंटरवर एकच कात्रण घेऊन तीन माणसं येतात, असं समजा. पहिल्याला इच्छाच होत नाही. रात्रपाळी आहे, कर्ज आहे, किंवा मनाच्या आजारावरची एखादी गोळी चालू आहे, जिच्या माहितीपत्रकातच कामेच्छा मंदावू शकते असं छापलेलं असतं. दुसऱ्याला इच्छा भरपूर आहे, शरीर साथ देत नाही. तिसऱ्याला या दोन्हींची काहीच अडचण नाही. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही, लॅबच्या कागदावर शुक्राणूंची संख्या कमी आली आहे. इच्छा, ताठरता आणि बीज. तीन वेगळ्या तक्रारी, तीन वेगळे डॉक्टर लागावेत इतक्या वेगळ्या. तिघांच्याही हातातल्या कागदावर शब्द एकच, आणि तिघांनाही हवी असते तीच एक डबी.

इंग्रजी ‘ॲफ्रोडिझियाक’चा काटेकोर अर्थ घेतला तर तो फक्त पहिल्या माणसाच्या उपयोगाचा आहे. जे घेतल्याने इच्छा जागी होते किंवा वाढते, ते. या अर्थाने व्हायग्रा ॲफ्रोडिझियाक नाहीच. ती आली कुठून ते पाहा. हृदयाला रक्त कमी पडून छातीत जी कळ येते, तिच्यावर औषध म्हणून सिल्डेनाफिलच्या, म्हणजे त्या गोळीतल्या मूळ द्रव्याच्या, चाचण्या चालल्या होत्या. तिथे ते फारसं चमकलं नाही, पण चाचणीत भाग घेतलेल्या पुरुषांनी एक वेगळाच परिणाम कळवला. २७ मार्च १९९८ रोजी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती ताठरतेच्या तक्रारीसाठी. काम कसं करतं तेही साधं आहे. मनात इच्छा आली की मज्जातंतूंतून निरोप जातो, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त भरतं. सैलावण्याचा हा निरोप पुसून टाकणारं एक विकर (एन्झाइम) शरीरात असतं. गोळी त्या विकराला काही तास अडवून धरते. निरोप टिकतो. पण मुळात निरोपच निघाला नसेल तर गोळी टिकवणार काय? गोळी घेऊन माणूस क्रिकेटची मॅच बघत बसला तर तो मॅचच बघेल.

हे वाचकाला सांगायला दोन ओळी पुरतात. त्या दोन ओळी छापल्या नाहीत म्हणजे काय होतं ते सांगते. साठीच्या पुढचे एक गृहस्थ, आमचं जुनं गिऱ्हाईक. छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायच्या नायट्रेटच्या गोळ्या ते माझ्याकडूनच नेत. एकदा त्यांनी चिठ्ठीशिवाय ‘ती निळी’ मागितली. मी नाही म्हटलं. चिठ्ठीशिवाय देता येत नाही हा कायदा झाला, पण नायट्रेट आणि ती गोळी एकत्र पोटात गेली तर रक्तदाब इतका कोसळू शकतो की माणूस हाती लागत नाही, हेही सांगितलं. ते म्हणाले, “अगं, ताकदीचीच तर गोळी आहे. ताकदीच्या गोळीने कुणी मरतं का?” ताकद. हा शब्द त्यांना कुणी दिला? त्यांच्या पिशवीतल्या पेपरनेच. रागावून गेले. आता त्यांची औषधं न्यायला काकू येतात.

‘ताकद’, ‘शक्ती’, ‘जोश’, ‘स्टॅमिना’ हे सगळे ‘कामोत्तेजक’चे सोवळे अवतार. मथळ्यात तो शब्द नको वाटला की तुम्ही हे वापरता. यांनी होणारा घोटाळा आणखी मोठा, कारण ताकद म्हटल्यावर माणूस खुराक शोधतो, दुखणं शोधत नाही. एका शेतकऱ्याने सलग दोन वर्षं माझ्याकडून शक्तिवर्धक चूर्ण नेलं. मीही विकलं, हे कबूल केलं पाहिजे. एके दिवशी तो म्हणाला, “ताई, चूर्णाने लघवीला फार होतंय, रात्री चारदा उठतो.” चूर्णाने कशाला होईल? दुकानातल्या यंत्रावर बोटातलं थेंबभर रक्त तपासलं तर साखर तीनशेच्या वर. ताठरता जाणं ही मधुमेहाची ओळखीची खूण आहे. रक्तदाबाची, तंबाखूचीही. शिश्नाच्या रोहिण्या हृदयाच्या रोहिण्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे नळ्या आतून अरुंद होऊ लागल्या की कुरकुर तिथे आधी होऊ शकते, छातीत मागाहून. म्हणजे ज्याला आपण ‘ताकद कमी झाली’ म्हणतो, तो कधी कधी हृदयाने आगाऊ पाठवलेला निरोप असतो. त्याला दोन वर्षं मी चूर्ण देत होते आणि तुम्ही ‘हे दहा पदार्थ खा’ सांगत होता.

आता तुम्ही म्हणाल, मराठीत यापेक्षा नेमके शब्द आहेत कुठे? आहेत. आपल्याच परंपरेत आहेत, आणि तुम्ही ज्या लेखांना ‘आयुर्वेदात सांगितलं आहे’ अशी सुरुवात करता, त्याच आयुर्वेदात आहेत.

शार्ङ्गधरसंहितेत एका ठिकाणी द्रव्यांच्या कामांची व्याख्या दिली आहे, एकेका ओळीत, कोशकाराने हेवा करावा अशी. ज्याने स्त्रीविषयी हर्ष उत्पन्न होतो ते वाजीकर. ज्याने शुक्र, म्हणजे वीर्य, वाढतं ते शुक्रल. उदाहरणं अश्वगंधा, मुसळी, साखर आणि शतावरी. शुक्र निर्माण करणारी आणि त्याला प्रवृत्त करणारी द्रव्यं वेगळी. त्यात दूध आणि उडीद येतात. थोपवून धरणारं म्हणजे स्तंभक, त्याचं उदाहरण जायफळ. आणि सुकवणारी हरीतकी, म्हणजे आपला हिरडा. हर्ष, वाढ, प्रवृत्ती, थोपवणं, सुकवणं. माझ्या काउंटरवरची तीन माणसं शार्ङ्गधराने कित्येक शतकांपूर्वी वेगळ्या ओळींत उभी केली होती. आपण त्यांना पुन्हा एका ओळीत आणलं. त्या यादीत मुसळी हर्ष उत्पन्न करणाऱ्यांत नाही, शुक्र वाढवणाऱ्यांत आहे, हेही बघून ठेवा. ‘कामोत्तेजक मुसळी’ हा तुमचा लाडका मथळा त्या ग्रंथाच्या हिशोबानेही चुकीच्या खणात पडतो. (जाता जाता: सकाळी मुसळी आणि रात्री त्रिफळा घेणारी माझी किमान वीस गिऱ्हाइकं आहेत. त्रिफळ्यात हिरडा असतो. शार्ङ्गधराला हे कळलं असतं तर तो हसला असता.)

या व्याख्या आजच्या प्रयोगशाळेत सिद्ध झाल्या आहेत असं मी म्हणत नाही. मी औषधनिर्माणशास्त्र शिकलेली बाई आहे, श्लोक म्हणजे पुरावा नव्हे हे मला कळतं. मी शब्दांबद्दल बोलते आहे. कुठलं द्रव्य काय करतं याबद्दल ते चुकले असतील. पण ‘काय करतं’ हा प्रश्न किती वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारता येतो, हे त्यांना आपल्यापेक्षा बरं ठाऊक होतं.

चरकसंहिता उघडा. चिकित्सास्थानात पहिला अध्याय रसायनाचा, दुसरा वाजीकरणाचा, आणि मग तिसरा ज्वराचा. तापाच्याही आधी! पण तिथला सूर जाहिरातीचा नाही. आधी शरीर शुद्ध करा, नाहीतर मळक्या कापडावर रंग चढत नाही तसे हे योग, म्हणजे औषधांची मिश्रणं, चढत नाहीत, असं तो बजावतो. सोळा वर्षांच्या आत आणि सत्तरीच्या पुढे दीर्घायुष्य हवं असलेल्याने या भानगडीत पडू नये, असंही सांगतो. आणि ‘वृष्य’ कशाला म्हणावं याची त्याची व्याख्या तर मला दुकानात फ्रेम करून लावावीशी वाटते: जे जे मधुर, स्निग्ध, जीवन देणारं, पोषण करणारं, पचायला जड आणि मनाला हर्ष देणारं, ते सगळं वृष्य. म्हणजे पुरणपोळीवर तुपाची धार. मनाला हर्ष, हे शब्द तिथे स्पष्ट आहेत. औषधाच्या व्याख्येत मन आहे. आपल्या मथळ्यातून ते केव्हाच गळालं.

शब्दांच्या जन्मकथा पाहिल्या तर गंमत वाटते. ग्रीकांनी या गोष्टीला नाव देताना देवी निवडली: ॲफ्रोडाइटी, प्रेमाची आणि सौंदर्याची, समुद्राच्या फेसातून वर आलेली. आपण निवडला वाजी, म्हणजे घोडा. ‘वृष्य’मध्ये बैल आहे. एकीकडे जिच्याकडे बघून काही वाटावं ती, दुसरीकडे ज्याच्यासारखं व्हावं तो. आता या दोन शब्दांचं एकमेकांत सरळ भाषांतर होईल कसं? ‘ॲफ्रोडिझियाक’ म्हणजे ‘वाजीकरण’ असं कोशात एका ओळीत लिहिता येतं, पण एक शब्द ओढ सांगतो आणि दुसरा दम.

घोडा निवडला की बाई कुठे जाते, हेही दिसतं. चरकाच्या त्या अध्यायात सर्वांत श्रेष्ठ वाजीकरण कोणतं, तर मनाला हर्ष देणारी स्त्री. वाचताना आधी बरं वाटतं, मग लक्षात येतं की या अध्यायात रोगी पुरुष आहे आणि स्त्री औषधांच्या यादीत आहे. तुमच्या पुरवण्यांत अजून तेच आहे. ‘कामोत्तेजक आहार’ या लेखात बाई असते ती फोटोत, गजरा माळून. तिला स्वतःला इच्छा होत नसेल, बाळंतपणानंतर होत नसेल, पाळी जाताना कोरडेपणा येऊन दुखत असेल, तर तिच्यासाठी तुमच्याकडे ना शब्द ना जागा. माझ्याकडे बायकाही येतात. त्या कात्रण आणत नाहीत, कारण आणण्यासारखं छापलेलंच नसतं. पाव किलो अळीव घेता घेता, दुसरं कुणी दुकानात नाही असं बघून, अर्धं वाक्य बोलतात.

२०१५ साली अमेरिकेत फ्लिबान्सेरिन नावाच्या गोळीला मान्यता मिळाली. पाळी जाण्याच्या आधीच्या वयातल्या, इच्छा कमी झाल्याचा ज्यांना स्वतःला त्रास होतो अशा बायकांसाठी. मूळ हे औषध नैराश्यावर म्हणून पाहिलं जात होतं. रोज रात्री झोपताना घ्यायचं, ते मेंदूवर काम करतं, रक्ताच्या भरण्याशी त्याचा संबंध नाही. फायदा बेताचा, दारूबरोबर घेतलं तर चक्कर येऊन पडण्याचा इशारा डबीवरच. चांगलं की वाईट तो वाद बाजूला ठेवा. शब्दाच्या काटेकोर अर्थाने व्हायग्रापेक्षा हीच गोळी ‘ॲफ्रोडिझियाक’च्या जवळची आहे, कारण हिचा रोख इच्छेवर आहे. पण तिची बातमी आपल्याकडे कशी आली? ‘महिलांची व्हायग्रा’. जी गोळी इच्छेला हात लावत नाही, तिचं नाव इच्छेच्या गोळीला! पुरुषाचं मोजमाप उचलून बाईला लावायची सवय इतकी अंगवळणी पडलेली की उपसंपादकाला त्यात चूकही दिसली नाही.

दर आषाढात तुम्ही आणखी एक लेख छापता. उद्या एकादशी, आज कांदेनवमी, असं काहीतरी. कांदा-लसूण ‘कामोत्तेजक’ असल्याने चातुर्मासात वर्ज्य, अशी त्यात एक ओळ असते. आधीच तिथीचाही घोळ: कांदेनवमी आषाढ शुद्ध नवमीला, एकादशी तिच्यानंतर दोन दिवसांनी. पण माझं भांडण तिथीशी नाही. आमच्या घरात आजोबांची थोरली बहीण होती, ताई-आत्या. सतराव्या वर्षी विधवा झाली, ८१व्या वर्षी गेली. मधली चौसष्ट वर्षं तिच्या ताटात कांदा नव्हता, लसूण नव्हता, आणि जेवण झाल्यावर विड्याचं तबक फिरायचं ते तिला वगळून फिरायचं. का, तर हे पदार्थ तिला ‘चढतील’. पानात ठेवलेल्या कांद्याच्या फोडीने बाई बिघडते, या समजुतीवर एका बाईची जीभ चौसष्ट वर्षं बांधून ठेवली. शेवटच्या आजारात तिने माझ्या आईकडे एकच मागितलं, कात-चुन्याचा विडा. ‘कामोत्तेजक’ हा शब्द पुरुषाच्या पानात वाढण्यासाठी वापरला गेला आणि बाईच्या पानातून काढून घेण्यासाठी. कांदेनवमीच्या लेखात ती ओळ छापायची तर ‘अशी समजूत होती’ एवढे तीन शब्द तरी जोडा. कांद्याने असं काही होत असतं तर लासलगावची लोकसंख्या काय झाली असती!

एका कात्रणापाशी मात्र मला हसू आलं नाही. ती गुन्ह्याची बातमी होती. मुलीला शीतपेयातून ‘कामोत्तेजक औषध’ पाजून अत्याचार. संपादक, औषधाचा धंदा करणारी बाई म्हणून सांगते: मनात नसलेल्या बाईला राजी करणारं कुठलंही औषध नाही. पेयात मिसळतात ते गुंगीचं. ते इच्छा जागवत नाही, शुद्ध घालवतं. ‘कामोत्तेजक’ लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोक्यात त्या मुलीची इच्छा येते, आणि जी नव्हती तीच तर तक्रार आहे. इथे शब्दाची चूक ही शुद्धलेखनाची चूक राहत नाही.

सत्तेच्या सदराचं राहिलंच. अमेरिकेचे एके काळचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांचं वाक्य प्रसिद्ध आहे, सत्ता हे फार मोठं ॲफ्रोडिझियाक आहे अशा अर्थाचं. तुमच्या सदरलेखकाने लिहिलं, ‘सत्ता ही सर्वांत मोठी कामोत्तेजक असते’, आणि पुढे सत्ताधीश कसे चळतात याची उदाहरणं दिली. अर्थ उलटा झाला. सत्ता ज्याच्याकडे आहे त्याला काय होतं, हा किसिंजर यांचा मुद्दा नाही. त्याच्याकडे बघणाऱ्यांना तो कसा वाटू लागतो, हा आहे. कुणाच्या पोटात गेलं आणि कुणाला चढलं, हे ‘कामोत्तेजक’ सांगतच नाही. वात्स्यायनाने कामसूत्राच्या शेवटच्या भागात हे प्रकार वेगळे ठेवले आहेत: आपण दुसऱ्याला हवेसे वाटावं यासाठीचं ते सुभगंकरण, दुसऱ्याला ताब्यात आणण्याचं ते वशीकरण, आणि स्वतःच्या शरीराला बळ देणारे ते वृष्ययोग. किसिंजर यांचं वाक्य पहिल्या खणातलं. सत्ताधीश चळतो ते सांगायला मराठीत ‘सत्तेचा कैफ’ आहे, ‘सत्तेची धुंदी’ आहे. घरात असलेली वस्तू बाहेरून कशाला आणायची?

त्याच भागात वात्स्यायन एक इशाराही देतो, आणि तो तुमच्या छोट्या जाहिरातींच्या पानाला लागू पडतो. संशयास्पद योग वापरू नयेत, शरीराला अपाय करणारे वापरू नयेत, जीवहत्या करून मिळणारे वापरू नयेत, अशुद्ध द्रव्यं मिसळलेले वापरू नयेत. ‘न प्रयुञ्जीत’ असा थेट नकार आहे. बाजारात आज जे मिळतं ते या चार नकारांची यादीच आहे. सांड्याचं तेल म्हणून विकतात, तो सांडा म्हणजे काटेरी शेपटीचा सरडा, कायद्याने संरक्षित प्राणी. स्पॅनिश फ्लाय म्हणून जगभर गाजलेली पूड म्हणजे अंगावर फोड आणणाऱ्या एका भुंग्याचं विष. मूत्रमार्गाची आग व्हायची आणि त्या आगीलाच लोक उत्तेजना समजायचे. मूत्रपिंडं जाऊन माणसं दगावली आहेत. गेंड्याच्या शिंगाची गोष्ट तर शब्दाच्या बेफिकिरीचा नमुना. चिनी वैद्यकात ते मुख्यतः तापावर द्यायचे. कामोत्तेजक म्हणून त्याचा बोलबाला केला तो पाश्चात्त्य लिखाणाने. शिंग म्हणजे केराटिन, आपल्या नखांत असतं तेच. नखं कुरतडणाऱ्या मुलांना आपण ओरडतो, यापलीकडे त्याचा काही परिणाम मी पाहिलेला नाही.

आणि ‘शंभर टक्के आयुर्वेदिक, एका तासात फरक’ असं लिहिलेल्या पुड्या. एका तासात फरक पडत असेल तर त्यात वनस्पती नसून सिल्डेनाफिल मिसळलेलं असण्याची शक्यता मोठी. अमेरिकेचं औषध प्रशासन अशा भेसळीच्या ‘नैसर्गिक’ उत्पादनांविरुद्ध वर्षानुवर्षं इशारे देतं आहे. डबीवर नाव नसल्याने नायट्रेट घेणाऱ्याला आपण काय गिळतो आहोत हे कळायचा मार्गच उरत नाही. माझ्या त्या जुन्या गिऱ्हाइकाला मी ‘नाही’ तरी म्हणू शकले. पुडी कुणाला काही विचारत नाही.

कायदा जुना आहे. १९५४ चा औषधं आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींबद्दलचा केंद्रीय कायदा घ्या. लैंगिक सुखाची माणसाची क्षमता टिकवण्यासाठी वा वाढवण्यासाठी औषध वापरा, असं सुचवणारी जाहिरात त्याच्या तिसऱ्या कलमाने बंद केली आहे. ती प्रसिद्ध करण्यात भाग घेणाराही त्यात येतो. कायदा करणाऱ्यांनी ‘कामोत्तेजक’ असा शब्द न वापरता ‘क्षमता’ आणि ‘सुख’ म्हटलं, हे शहाणपणाचं, कारण शब्दावर बंदी घातली असती तर जाहिरातवाल्याने ‘जोश’ लिहून सुटका करून घेतली असती. (लिहितोच आहे.) अमेरिकेने १९८९ साली दुसरा रस्ता धरला. इच्छा जागवतो किंवा कामगिरी सुधारतो असा दावा करणारं, चिठ्ठीशिवाय विकलं जाणारं कुठलंही औषध सुरक्षित आणि गुणकारी मानता येणार नाही, असं ठरवून टाकलं, आणि ज्या द्रव्यांवर असे दावे होत होते त्यांची यादी दिली. तिच्यात जिनसेंग आहे, कुचला आहे, फोड आणणारा तो भुंगाही आहे, आणि ज्येष्ठमध व बडीशेपही आहे. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीनंतर बडीशेपेची वाटी आजीपासून नातवापर्यंत फिरते. तिकडे दावा नसेल तर तीही निमूट खाता येते. बंदी बडीशेपेवर नाही, तिच्याबद्दल फुशारकी मारण्यावर आहे.

तुमच्या पुरवणीत चौथ्या पानावर डॉक्टरांचं सदर असतं आणि आठव्या पानावर ‘निराश होऊ नका, एकदा भेटा’. चौथ्या पानावर शब्द ढिला पडला की आठव्या पानाचं फावतं. डॉक्टरांनीच ‘ताकद’ म्हटलं, मग पुडीवाल्याने म्हटलं तर काय बिघडलं? ‘धातू जाणं’ या भीतीचंही असंच. रक्ताच्या इतक्या थेंबांतून वीर्याचा एक थेंब बनतो, हा हिशोब घेऊन आजही पंचविशीतली पोरं सुकलेल्या तोंडाने माझ्यापुढे उभी राहतात. या दुखण्याला १९६० साली डॉ. एन. एन. विग यांनी ‘धात सिंड्रोम’ असं नावच दिलं. दुखणं खरं, थकवा खरा, पण मूळ भीतीत आहे, वीर्यात नाही. ‘वीर्यवर्धक’ असं छापलं की त्या भीतीला तुमच्या पेपरचा शिक्का मिळतो.

मराठीला हे जमत नाही असं मात्र म्हणू नका. संततिनियमन आणि लैंगिक शिक्षणाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत, मरेपर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. खटले सोसले, अंक तोट्यात काढले, पण ज्या गोष्टीला जे म्हणायचं ते म्हटलं. आपण तर त्यांच्यापुढे पाऊण शतक आलो आहोत आणि आपली शब्दसंपत्ती ‘जोश’पर्यंत आली आहे.

मला काय हवं आहे, तर फार काही नाही. इच्छेबद्दल लिहीत असाल तर ‘कामेच्छा’ लिहा. ताठरतेबद्दल असेल तर ‘ताठरता’. शब्द वाईट नाही, डॉक्टरांच्या खोलीत लोक तो वापरतात, मी रोज ऐकते. मूल होण्याबद्दल असेल तर शुक्राणूंची संख्या लिहा, हालचाल लिहा. डाळिंब, शेवगा, डिंकाचे लाडू यांना ‘पौष्टिक’ म्हणा, तेवढा मान त्यांना पुरे. जुन्या ग्रंथाचा हवाला द्यायचा तर ‘वाजीकर’ की ‘शुक्रल’ की ‘वृष्य’ ते बघून द्या. ‘कामोत्तेजक’ हा शब्द फेकून द्या असंही मी म्हणत नाही; गजरा, अत्तर, आवाज, कुणाचं तरी वळून बघणं यांच्यासाठी तो राखून ठेवा. तिथे तो शोभतो, आणि तिथे कुणी माझ्याकडे डबी मागायला येत नाही.

आणि मथळा देण्याआधी एकदा दुकानात येऊन बसा. शनिवारी या, सातच्या पुढे. माझ्या शेजारच्या स्टुलावर बसा, मात्र काउंटरच्या थोडं मागे, म्हणजे गिऱ्हाईक बुजणार नाही. पहिला तास सर्दी-खोकला, डायपर, बीपीच्या गोळ्या यातच जातो. मोटारसायकल थांबते ती आठनंतर. शटर मी नऊला ओढते, पण त्या दिवशी थोडं उशिरा ओढीन.

आपली,
एक औषधविक्रेती